बागेत राहिलेली हाक

१

साडेआठ वाजले की मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ताटं मांडली जायची आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून व्हिएन्ना उभं केलं जायचं.

म्हणजे फोन. पण अक्षताच्या सासूबाई त्याला फोन म्हणायच्याच नाहीत. "गो, व्हिएन्ना लाव," म्हणायच्या, जसं कोणी टीव्ही लाव म्हणतं. मग पडद्यावर सिद्धेशचं नाक यायचं, त्यामागून सिद्धेश यायचा, आणि त्याच्यामागे उन्हातलं ते शहर.

सिद्धेशला कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. इथे जेवायची वेळ व्हायची तेव्हा तिथे त्याचं ऑफिस सुटायचं. मग तो रोज कुठेतरी जायचा आणि घरच्या तिघींना फिरवून आणायचा. सासूबाईंनी वरण-भाताच्या बोटांनी अख्खं व्हिएन्ना बघून घेतलं होतं. मान हलवणारा डायनासोर बघितला, आकाशातून पडलेले दगड बघितले. काचेच्या पेटीतली ती हजारो वर्षांपूर्वीची ठेंगणी दगडी बाई बघून म्हणाल्या, "बाळंतीण दिसता. उभी कित्याक केल्यानी तिका?" गुलाबांची एक बाग होती. तिथे लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने एकेक झाड घेतलेलं, आणि झाडाला नावाची छोटी पाटी. ती बाग त्यांनी दोनदा बघायला मागितली. आणि शोनब्रुनचा राजवाडा त्यांच्या लेखी 'पिवळो बंगलो' होता.

त्या पिवळ्या बंगल्यामागची बाग हे जानकीचं ठिकाण. जानकी पाच वर्षांची. मे महिन्यात अक्षता तिला घेऊन तीन आठवडे तिथे राहून आली होती. त्या बागेत झाडं कापून कापून त्यांच्या उंच हिरव्या भिंती केलेल्या आहेत, दोन माणसं उंचीच्या, फूटपट्टीने आखल्यासारख्या. मधूनच एखादी फट. जानकी त्या फटींत शिरून लपायची आणि गुणगुणत राहायची, त्यामुळे लगेच सापडायची. तरी तिला वाटायचं आपण फार हुशार.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी सिद्धेश त्याच भिंतींमधून चालला होता. पडदा हलत होता, खडीवर त्याचे बूट करकर वाजत होते.

"काय गं आई, भाजी कसली?"

"दोडको."

"दोडका! मी इथे ब्रेडला चीज लावतोय आणि तुम्ही दोडका खाताय. मजा आहे."

"मग ये की," अक्षता म्हणाली. ती हे रोज गमतीत म्हणायची. आणि लगेच पुढचा घास घ्यायची.

जानकी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. शांतपणे दोडका खात होती. मान वर न करता ती म्हणाली,

"बाबा, हळू चाल ना."

"का गं पिल्लू?"

"मला पळावं लागतं."

सिद्धेश हसला. सासूबाई हसल्या. अक्षताही हसली, कारण दोघं हसत होते. मग तिने निरखून पाहिलं. जानकीच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी बारीक घाम होता. पंखा तर पाचवर होता.

२

आता हे सांगायला हवं की अक्षता घाबरट होती, आणि आपण घाबरट आहोत हे तिला ठाऊक होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. दिवसभर लोकांच्या रक्ता-थुंकीत काय आहे ते बघायचं आणि घरी येऊन आपल्या मुलीच्या शिंकेत काय काय असेल याचा विचार करायचा. "तुझ्या डोक्यात चोवीस तास रिपोर्ट छापतात यार," असं सिद्धेश म्हणायचा. त्यामुळे काही खटकलं की ती आधी स्वतःवरच संशय घ्यायची. ही तिची पद्धत होती आणि एरवी ती बरोबरही ठरायची.

पण एक गोष्ट होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती.

सिद्धेशच्या घरची माणसं कुडाळकडची. त्यांच्यात एक रीत होती, अक्षताच्या घाटकोपरच्या माहेरी ती कुणी ऐकलीही नव्हती. लहान मुलाला घेऊन कुठल्याही परक्या ठिकाणाहून निघताना आईने मागे वळायचं आणि मोठ्याने पोराला नावाने हाक मारायची. 'अमुक, चल, घरी चल.' पोर कडेवर असलं तरी. झोपलं असलं तरी. का, तर मारायची असते. सासूबाईंना याच्यापुढे विचारलं तर त्या पदराने चष्मा पुसायला लागायच्या.

जानकीचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं तेव्हा सासूबाईंनी हॉस्पिटलच्या वॉर्डच्या दारात उभं राहून "बाळा, चल गो घराक!" अशी आरोळी ठोकली होती आणि दोन नर्सा धावत आल्या होत्या. लग्नाच्या हॉलमधून निघताना हाक. दवाखान्यातून निघताना हाक. एकदा मॉलच्या सरकत्या जिन्यावरून उतरताना त्यांनी मागे वळून अशी हाक मारली की चार अनोळखी जानक्या थांबल्या असत्या. सिद्धेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. "मी यांच्याबरोबर नाही," असं तो सिक्युरिटीवाल्याला म्हणाला होता.

अक्षता हसायची, पण हाक मारायची. प्रत्येक वेळी. सवयीचा भाग झाला होता तो, चप्पल घालण्यासारखा.

मे महिन्यातला तो शेवटचा दिवस. विमान रात्रीचं होतं. सिद्धेश घरी बॅगांची वजनं करत बसला होता आणि अक्षता जानकीला शेवटचं एकदा बागेत घेऊन गेली होती. निघायची वेळ झाली. बाग इतकी शांत होती की लांबच्या कारंज्याचं पाणी ऐकू येत होतं. बाकावर दोन म्हाताऱ्या बायका टोप्या घालून बसल्या होत्या, बाजूने एक पर्यटकांचा घोळका चालला होता, तोसुद्धा कुजबुजत. अक्षताने जानकीचा हात धरला, मागे वळली, तोंड उघडलं. त्या दोन म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अगदी सौजन्याने पाहिलं.

आणि अक्षताने हाक मनातल्या मनात मारली.

विमानतळावरून सासूबाईंशी बोलताना त्यांनी पहिलं हेच विचारलं होतं. "चेडवाक हाक मारलंस मा?"

"हो आई," ती म्हणाली होती.

३

खरं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. उलट सगळे कौतुक करत होते.

"परदेशातून आल्यापासून किती शहाणी झाली हो तुमची मुलगी," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "पूर्वी एका जागी बसायची नाही."

"काय शिकवलंत तिला?" खालच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाने विचारलं. "आमच्याकडे पाठवा ना दोन दिवस. आमच्या केयूरला जरा तिचं वळण लागू दे."

जानकी आता केस विंचरताना ओरडायची नाही. दिलेलं खायची. पूर्वी दुधावर सायीचा एवढासा तुकडा आला तरी ती थू थू करून थुंकायची, अक्षताच्या ओढणीवर, सासूबाईंच्या लुगड्यावर, एकदा तर थेट गणपतीच्या आरतीच्या तबकात. आता ती सायीसकट दूध पिऊन पेला सिंकमध्ये नेऊन ठेवायची.

ती गुणगुणायची थांबली होती.

ते गुणगुणणं काही गाणं नव्हतं. सुरात नव्हतं, त्याला शब्द नव्हते. जेवताना, चित्र काढताना, संडासात बसल्यावर, सतत एक 'अंहं-अंहं-अं' चालू असायचं, बिघडलेल्या मिक्सरसारखं. अक्षता पूर्वी दिवसातून दहा वेळा म्हणायची, "जानू, जरा बंद कर गं बाई." आता स्वयंपाकघरात उभी असताना ती गॅस बारीक करून कान द्यायची. बाहेर जानकी रंगवत बसलेली असायची. कागदावर खडू घासल्याचा आवाज यायचा. बस, तेवढाच.

रात्री तिला झोपलेली उचलून गादीवर ठेवताना अक्षताला ती हलकी वाटायची. ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. वजनकाट्याने सांगितलं, सगळं ठीक, उलट थोडं वाढलंय. आता काटा आणि आपली मांडी यांत कुणावर विश्वास ठेवायचा? अक्षता विज्ञानाची पदवीधर होती. तिने काट्यावर विश्वास ठेवला. आणि रोज रात्री मांडी तिला खोटं पाडत राहिली.

मग ती खडी. गादीवरची चादर झटकताना पायाच्या बाजूला पांढुरकी बारीक खडी पडायची, चिमूटभर. शाळेच्या मैदानावर लाल माती होती, सोसायटीत पेव्हर ब्लॉक. अक्षताने एकदा ती कागदाच्या पुडीत बांधून लॅबमध्ये नेली आणि जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली ठेवली. खडीच होती. मायक्रोस्कोपमधून मोठी खडी दिसली. आपण नेमकं काय दिसायची वाट बघत होतो, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि पुडी टाकून दिली.

त्याच दिवशी शाळेतून येताना रिक्षात जानकी कडेच्या दांड्याला टेकून बसली होती. तिची बसायची ही नवी पद्धत, आता सगळीकडे ती अशी कडेलाच बसायची, शेजारी कुणासाठी तरी जागा ठेवल्यासारखी.

"काय विचार चाललाय, जानू?"

"दार लावतायत."

"कुठलं दार?"

"मोठं. वारा आलाय ना. सगळ्यांना बाहेर काढतायत." मग जरा वेळाने, अगदी साध्या आवाजात, "मी फटीत आहे. मला कोणी बघितलं नाही."

रात्री व्हिएन्ना लागलं तेव्हा सिद्धेश स्वतःच्या खोलीत होता.

"आज बाग नाही गं. दुपारपासून वादळी वारा, बाग बंद केली त्यांनी. झाडं पडतात म्हणे."

अक्षताने वाटीतली आमटी ताटात ओतली आणि पुन्हा वाटीत भरली. योगायोग, ती स्वतःला म्हणाली. मुलं काहीही बोलतात. वारा इथेही होता. होता की नाही तिला आठवेना.

जानकीने सायीचं दूध संपवलं आणि पेला उचलून नेला.

४

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सासूबाई ओट्याशी बसून कोळंबी सोलत होत्या. अक्षता त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि तिने सांगून टाकलं.

ती ओरडा खायच्या तयारीने बसली होती. ओरडा खाल्ला असता तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं, सुशिक्षित सुनेने बोलायचं ते सगळं बोलता आलं असतं. पण सासूबाईंचे हात थांबले. बोटांना कोळंबीची टरफलं तशीच चिकटलेली.

"माका म्हायत होतां," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"चेडू माझ्या मांडयेर बसला पयल्या दिवशी. तेव्हाच समाजलां."

म्हणजे काटा खोटा होता.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू हो म्हणालंस." त्यांनी पुन्हा एक कोळंबी उचलली. "पोर येता घराक. पण सगळां येता असां नाय."

"आई, असं बोलू नका हो."

"रडा नको. हाक मार."

"इथून मारते ना. रोज मारते मी. झोपेत मारते."

"हयसून नाय चलणा. थंय उभ्या रवान मारूक होयी. घरच्या माणसान मारल्यान तरी चलात. सिद्धेशाक सांग."

सिद्धेशला सांगणं सोपं नव्हतं. अक्षताने त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. तो आधी हसला, मग ती हसत नाहीये हे कळल्यावर म्हणाला, "अक्षू, तू मायक्रोबायोलॉजी केलंयस ना गं?"

"केलंय."

"मग?"

"मग काय? मला माझी मुलगी हवीय."

"आहे ना ती घरात! आत्ता दिसली मला. चित्र काढत होती."

"ते चित्र बघितलंस?"

"घर काढलंय. झाड काढलंय."

"झाड नाही ते. भिंत आहे. आणि भिंतीतून हात आलाय."

त्याच्या मागून ट्रामची घंटा ऐकू आली.

"हे बघ," ती म्हणाली, "मला वेड लागलंय असं समज. चालेल मला. लागलंच असेल. पण औषध म्हणून कर. सोमवारी ऑफिस सुटल्यावर जा, भिंतींच्या तिथे उभा राहा, आणि मोठ्याने म्हण, जानकी, चल, घरी चल. मनात नाही हं. मोठ्याने."

"लोक पोलीस बोलावतील."

"बोलावू देत. सिद्धेश, प्लीज यार. एकदाच. माझ्यासाठी."

"बरं बाई," तो म्हणाला. "काय म्हणायचं? पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. त्याच्याकडून म्हणून घेतलं. शब्द न् शब्द तपासला. लॅबमध्ये नमुन्यावरचं लेबल तपासते तसा.

५

सोमवारी तिने ताटं लवकर वाढली. सासूबाईंनी देवापुढे निरांजन लावलं आणि येऊन बसल्या. फोन बरणीला टेकवला. जानकी तिच्या खुर्चीच्या कडेला.

पडद्यावर बाग आली. तिकडे ऊन तिरपं झालेलं, हिरव्या भिंतींच्या सावल्या खडीवर आडव्या पडलेल्या. भिंती अक्षताला आठवत होत्या त्याहून उंच वाटल्या. कुणी नव्हतं. फार लांब, वाटेच्या टोकाला, एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता.

"इथेच ना?" सिद्धेशने हळूच विचारलं.

"अजून पुढे. ती तिसरी फट. हां, तिथे."

"मला जाम ऑकवर्ड होतंय."

"सिद्धेश."

"मारतो, मारतो." त्याने घसा खाकरला. मग बोलल्यासारखं म्हणाला, "जानकी. चल, घरी चल."

"मोठ्याने."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. फोन धरलेला हात खाली गेला आणि पडद्यावर नुसतं आभाळ आलं. आणि मग सिद्धेशने हाक मारली. ती त्याची हाक अक्षताने कधी ऐकली नव्हती. त्यात चेष्टा नव्हती. रोज रिकाम्या खोलीत कुलूप उघडून शिरणारा माणूस ज्या आवाजात हाक मारेल, त्या आवाजातली ती होती.

"जानकीऽऽ! चल गं! घरी चल!"

मुलुंडच्या टेबलापाशी जानकीने चमचा खाली ठेवला. अगदी अलगद, आवाज न करता. हलणारे पाय थांबले. ती फोनकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अक्षताला जे दिसलं ते तिने याआधी एकदाच पाहिलं होतं: शाळेच्या स्नेहसंमेलनात, बक्षिसासाठी दुसऱ्याच मुलीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा.

पलीकडे काहीच नव्हतं. कारंजं. वारा.

"झालं," सिद्धेश म्हणाला. पडद्यावर त्याचं ओशाळं नाक आलं. "झालं समाधान? कुत्रेवाला वळून बघतोय. निघतो मी आता."

तो चालायला लागला. फोन बंद करायचा विसरला होता तो, हातात तसाच लोंबकळत धरला होता. पडद्यावर खडी पुढेमागे झुलत होती. त्याचा एक बूट, मग दुसरा बूट. करकर, करकर. सासूबाईंनी हात जोडले होते. अक्षता फोन बंद करायला पुढे झाली, आणि थांबली.

बुटांच्या आवाजात आणखी एक करकर होती. बारीक, दुप्पट वेगाची.

मग फोन जरा कलंडला आणि सिद्धेशचा दुसरा हात दिसला. रिकामा होता. रिकामाच होता, तिने नीट पाहिलं. पण तो मोकळा झुलत नव्हता. किंचित खाली ओढल्यासारखा ताठ होता, आणि त्याची दोन बोटं, मधलं आणि तर्जनी, अर्धी मिटलेली होती. मूल बोटं धरतं तेव्हा मिटतात तशी. सिद्धेशला ते कळलेलं नव्हतं. तो शीळ घालत होता. चाल मात्र त्याने हळू केली होती.

आणि शिळेखालून, बेसूर, बिघडल्या मिक्सरसारखं:

अंहं-अंहं-अं.

अक्षताच्या तोंडातून आवाज फुटला. हसू होतं की रडू, तिचं तिलाही कळलं नाही. "आई, आली! ऐकलंत? आली!"

सासूबाईंचे जोडलेले हात तसेच होते. त्या पडद्यावरच्या खडीकडे बघत होत्या. खडी संपली होती, आता फरशी होती, मग पायऱ्या, मग स्टेशन.

"गो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पण तो खयच्या घराक चल्लो?"

६

गादीवर त्यानंतर खडी पडली नाही.

जानकी बागेबद्दल बोलत नाही आता. बाबाला हळू चाल म्हणत नाही. शाळेत तिला आदर्श विद्यार्थिनीचा बिल्ला मिळाला, शर्मिष्ठाने केयूरला मुद्दाम आणून तो दाखवला. ती कडेला बसते.

व्हिएन्ना रोज लागतं, पण त्यात आता संग्रहालयं नसतात, राजवाडे नसतात, गुलाब नसतात. सिद्धेशचं स्वयंपाकघर असतं फक्त.

"हल्ली कुठे जात नाहीस फिरायला?" अक्षताने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"नको वाटतं. घरी लवकर यावंसं वाटतं." तो बरा दिसत होता. वजन वाढलं होतं. त्याच्यामागे खिडकीशी एक ठेंगणं स्टूल होतं, ते पूर्वी नव्हतं. तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. नवराबायको इतक्या लांब राहिली की काही गोष्टी न विचारण्यावरच संसार चालतो, एवढं तिला कळलं होतं. आणि शिवाय ती ऐकण्यात गुंतलेली असायची. त्याच्या बोलण्यामागे, फ्रीजच्या घरघरीमागे ते चालू असायचं, कधी जवळ, कधी आतल्या खोलीतून. तेवढ्यासाठी ती दिवस काढायची. लॅबमध्ये साडेपाच वाजले की तिला तहान लागल्यासारखं व्हायचं. सासूबाई जेवण उरकून लवकर आत जायला लागल्या होत्या.

आजही त्या आत होत्या. जानकी समोर दुधाचा पेला घेऊन बसली होती. सिद्धेश पलीकडे गॅसपाशी काहीतरी ढवळत होता, पाठमोरा.

"काय करतोयस?"

"दूध."

"तू कधीपासून दूध प्यायला लागलास?"

त्याने गॅस बारीक केला. चमचा भांड्याला लागत राहिला. बराच वेळ ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, अगदी रोजचा, घाईतला.

"साय काढून दे हं तिला. गाळून घे. साय तोंडात आली ना, की ती—"

"माहितेय," सिद्धेश म्हणाला. त्याने वळून पाहिलं. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर पांढरा ओला डाग होता. "काल थुंकली."

अक्षता हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा ती अशी हसली, पोटातून, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थुंकली! माझी बाय ती. थुंकली. "फोन," ती म्हणाली, "सिद्धेश, फोन जरा तिच्याजवळ धर ना. एकदा."

त्याने फोन उचलला. पडद्यावर भिंत सरकली, खिडकी सरकली, ठेंगण्या स्टुलाची कड आली. गुणगुणणं जवळ आलं, इतकं जवळ की त्यात श्वास ऐकू येत होता. स्टुलावर काही नव्हतं. अक्षताने पडद्यावर बोट ठेवलं, काच कोमट होती.

समोर पेला टेबलावर टेकल्याचा आवाज झाला.

जानकीने दूध संपवलं होतं, सायीसकट. ओठांवरची पांढरी मिशी तिने स्वतःच हाताने पुसली. आईकडे बघत होती ती. किती वेळ बघत होती कोण जाणे. रडत नव्हती. रडणं तिला येत नव्हतं बहुतेक, तेही तिकडेच गेलं असावं.

"आई," ती म्हणाली, "मला पण हाक मार ना."

अक्षताने मान वर केली. एवढीशी मुलगी, खुर्चीच्या कडेला, बाजूला जागा सोडून, छातीवर शाळेचा बिल्ला. हीही तिचीच. दोडका खाणारी, पेला उचलणारी, तीन महिने एकदाही हट्ट न करता हिने हाकेची वाट पाहिली होती.

तिने तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं. तिच्याकडे दोघींसाठी मिळून ते एकच होतं.

फोनमधलं गुणगुणणं थांबलं.

इकडे जानकी श्वास रोखून बसली होती. तिकडेही कुणीतरी श्वास रोखला होता. मागे वळून हाक मारायची असते, आणि मोठ्याने. कुणाला लाज वाटायचं काही कारण नव्हतं, घर आपलंच होतं. अक्षता तोंड उघडं ठेवून टेबलापाशी उभी होती, आणि मागे म्हणजे कुठल्या बाजूला, हे तिला ठरवता येत नव्हतं.